व्हिटॅमिन शी

काल संध्याकाळी दातांच्या दवाखान्यात सात अनोळखी माणसांसमोर माझं तीन दिवसांचं खाणं वाचून दाखवण्यात आलं. मोठ्यानं आणि वारानुसार. कान अजून गरम आहेत.

झालं होतं एवढंच, की सफरचंदाचा घास घेतला आणि पांढऱ्या गरावर गुलाबी ठसा उमटला. डॉक्टरांनी एक बारीक सळई हिरडीत खुपसत आकडे पुकारले, "तीन, तीन, चार, पाच." मला वाटलं गुण देताहेत, म्हणून पाचला मनात खूश झालो. ते मिलिमीटर निघाले. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे खिसा तयार व्हायला लागतो म्हणे. मग हातात एक छापील तक्ता आला. तीन दिवस तोंडात जे जे जाईल ते लिहून आणायचं.

तो तक्ता काल दिला. काउंटरवरच्या बाई तो संगणकात भरत होत्या आणि त्यांना माझं अक्षर लागेना.

"सोमवार. साडेसात, चहा, साखर... हे दोन आहे की दहा?"

"दोन."

"चमचा केवढा?"

हा प्रश्न बाईंचा नव्हता. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांचा होता. त्यांची कवळी दुरुस्तीला आत गेली होती, त्यामुळे गाल आत, हनुवटी वर आणि तोंडात एकही दात नाही. प्रत्येक 'स'चा 'श' होत होता. पण आवाज खणखणीत. आयुष्यभर कुठल्या तरी मोठ्या हॉलमध्ये सूचना दिल्या असाव्यात.

"शाधा," मी म्हणालो. त्यांचं ऐकून माझाही 'श' झाला. बाईंनी मान खाली घातली, खांदे मात्र हलताना दिसले.

"शाधा म्हणजे काठोकाठ की शिगोशीग?"

मी उत्तर दिलं नाही. अनोळखी माणसाला चमच्याची शीग सांगायला मी बांधील नव्हतो. बाई पुढे सरकल्या. अकरा वाजता बिस्किटं, चार. साडेबाराला बिस्किट, एक. (हे एक मी प्रामाणिकपणा दिसावा म्हणून लिहिलं होतं. खरी तीन होती.) सोमवार दुपार, पालक. सोमवार रात्र, पालक. मंगळवार दुपार, पालक.

"थांबा," आजोबा म्हणाले. "तीन दिवशांत पालक किती वेळा?"

बाईंनी मोजलं. खरंच मोजलं हो! "पाच."

"हा माणूश आहे की शशा?"

समोरच्या एका बाईंनी कानातलं एक बोंडुक काढलं. गाण्यापेक्षा इथे जास्त रंगत होती.

"आणि एवढ्या पालकात शंत्रं कुठंय?" आजोबा आता उभे राहिले. "पेरू कुठंय? लिंबू? ढोबळी मिरची? हिरड्यांना काय लागतं? शी लागतं, शी! व्हिटॅमिन शी!"

कोपऱ्यात आईच्या मांडीवर पेंगणारं चारेक वर्षांचं पोर खाडकन जागं झालं. "आई, त्या आजोबांना शी लागली."

त्यानंतर दवाखान्यात जे झालं त्याला हसणं म्हणणं कमी पडेल. हसली नाहीत ती दोनच माणसं. मी आणि आजोबा. ते हसले नाहीत कारण त्यांचा मुद्दा अजून संपला नव्हता. मी हसलो नाही कारण तक्ता अजून बुधवारपर्यंत पोचायचा होता आणि बुधवारी केक होता.

सूड म्हणून मी विचारलं, "आजोबा, एवढं माहीत असून तुमचे दात कसे गेले?"

विचारल्याबरोबर वाईट वाटलं, पण ते जराही ओशाळले नाहीत. "किडले नाहीत हो. एकही नाही. शगळे धडधाकट होते. हलले आणि गेले. हिरड्याच राहिल्या नाहीत, तर दात काय हवेत उभे राहणार?" मग जरा खाली वाकून, "शिगारेट. ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्तशुद्धा फारशं येत नाही, त्यामुळे कळतच नाही. तुमचं येतंय, नशीब शमजा."

तेवढ्यात आतून हाक आली. आत डॉक्टरांनी मला चार मिनिटं दिली. तक्ता त्यांच्या टेबलावर होता आणि त्यावर कपाची बशी होती. पाच वेळच्या पालकाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "किटण साचलंय, ते खरवडून काढू. ते संत्र्यानं निघत नाही. दोन दातांमधून दोरा फिरवा. खाणंही सुधारा." शेवटचं वाक्य दार उघडता उघडता.

मग बाहेर माझी वरात काढली कशाला?

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. आजोबा बरोबर होते हे कळल्यावर तर झोप पारच उडाली. हिरडी बांधलेली असते ती मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनानं, आणि कोलॅजनचे धागे पक्के विणायला क जीवनसत्त्व लागतं. ते फारच तुटलं की स्कर्व्ही होतो, हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरनं 'सॅलिसबरी' जहाजावरच्या बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. बाकीच्यांना सफरचंदाची दारू, पातळ केलेलं गंधकाम्ल, व्हिनेगर, लसूण-मोहरीचं चाटण आणि एका जोडीला चक्क समुद्राचं पाणी. सहा दिवसांत संत्री संपली, तोवर त्यातला एक जण कामावर हजर. माझं नशीब बघता मी समुद्राच्या पाण्याच्या जोडीत असतो. आणि एवढं डोळ्यांनी दिसूनही ब्रिटिश नौदलानं लिंबाचा रस सगळ्यांना द्यायला १७९५ साल उजाडू दिलं. अठ्ठेचाळीस वर्षं! तिथेही कुणाला तरी अक्षर लागत नसेल.

आणखी अपमान पुढे. बहुतेक प्राण्यांना हे जीवनसत्त्व बाहेरून लागतच नाही, शरीरातच तयार होतं. शेळी स्वतःचं स्वतः बनवते आणि वर दिवसभर पालाही खाते. मी दोन्ही करत नाही, आणि पाच वेळा पालक लिहितो. तो खाल्ला असता तरी आमच्याकडे तो काळा पडेपर्यंत शिजतो. क जीवनसत्त्व उष्णतेनं जातं, उरलेलं पाण्यात उतरतं आणि ते पाणी मोरीत.

१९६५ साली बारा धडधाकट माणसांना दात घासणं सोडायला लावलं होतं. (हिरड्या म्हटलं की विज्ञानाला बाराच माणसं का लागतात कोण जाणे.) दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या. म्हणजे गुन्हेगार ब्रश न करणं. पण २००९ साली छापून आलेल्या एका स्विस प्रयोगात दहा माणसं चार आठवडे अश्मयुगातल्यासारखी राहिली. ब्रश नाही, पण साखरही नाही आणि मैदाही नाही. दातांवरचा थर वाढला, पण हिरड्यांतून रक्त येणं कमी झालं. म्हणजे गुन्हेगार ताट. मी हे उत्साहानं बायकोला सांगायला उठवलं.

"मग ब्रश बंद केला तर चालेल, नाही का?"

"आधी गुहा शोध," ती म्हणाली आणि कूस बदलली.

मला राग कशाचा येतो सांगू? तापाला कुणी चारित्र्य विचारत नाही. हिरडीतून थेंबभर रक्त आलं, की तुमचा चमचा काठोकाठ की शिगोशीग हे गावाला कळलं पाहिजे. संत्रं खावं हे मलाही कळतं. पण संध्याकाळी सात वाजता पोटात कावळे कोकलत असताना संत्रं सोलावं लागतं, बिया काढाव्या लागतात, हात चिकट होतात. बिस्किटाचा कागद नुसता फाडायचा असतो. हा फरक कुठल्याच तक्त्यात भरायला जागा नाही. थकवा या रकान्याखाली काय लिहू? आणि लाजेनं माणूस खोटं लिहितो, मग त्या खोट्यावर त्याला खाणं सुधारायला सांगतात. पालक अजून किती सुधारू?

निघताना बाईंनी नवा कोरा तक्ता दिला. पुढच्या वेळी परत तीन दिवस. आजोबांना कवळी मिळाली होती. ती बसवून त्यांनी स्वच्छ दंत्य उच्चारात, "संत्रं, लक्षात ठेवा," असं सांगितलं. मला ते अजिबात आजोबांचं वाटेना.

आज सकाळी तक्ता उघडून बसलोय. संत्रं खाल्लं, एक, खरोखर. बिया आणि चिकट हातांसकट. ते मोठ्या अक्षरात लिहिलं. त्याच्या वरची ओळ: साडेसात, चहा, साखर एक चमचा.

चमचा केवढा, असं तक्त्यात कुठेही विचारलेलं नाही.