कोडिंग नंतरही येतं, गणिताचं काय?
‘संगणकशास्त्राला प्रवेश घ्यायचा तर कोडिंग आधीच यायला हवं, गणित जेमतेम असलं तरी भागतं’ हे एका लेखातलं वाक्य मला तरी उलटं वाटलं. मी प्रवेश घेतला तेव्हा कोडची एक ओळही लिहिलेली नव्हती. पहिले दोन महिने ओळीच्या शेवटचा अर्धविराम (;) कुठे राहिला ते शोधण्यातच गेले, मग हात बसला. शाळेपासून कोडिंग करणारे काही जण मात्र गणिती विगमनाच्या (एका पायरीवरून पुढची पायरी सिद्ध करत जाण्याच्या) सिद्धतेपाशी जे अडकले, ते थेट परीक्षेपर्यंत!

दहा लाख क्रमवार नोंदींत हवी ती शोधायला बायनरी सर्चला, म्हणजे दर वेळी मधली नोंद बघून उरलेली यादी निम्मी करत जाण्याच्या पद्धतीला, जास्तीत जास्त २० तुलना का पुरतात? लॉगरिदम (इथे, संख्या किती वेळा निम्मी करता येते ते) कळत नसेल तर हे नुसतं पाठ करावं लागतं. आम्ही सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो, आता पायथन शिकवतात. लॉगरिदम तेच आहे.