अँग्लिरू ‘फक्त दहा टक्के’ नाही

स्पेनच्या अस्तुरियासमधल्या अँग्लिरू घाटाबद्दल एक दावा सगळीकडे फिरतो आहे: “चढ सरासरी 10 टक्केच. पुढे पेडलच्या चकतीला 34, मागे चाकाच्या चकतीला 28 दाते आणि हलकी सायकल असेल, तर सराव असलेला कुणीही आरामात चढेल.” सरासरीचा आकडा बरोबर आहे, बाकीचं पटणारं नाही.

ला वेगा गावापासून माथ्यापर्यंत साधारण साडेबारा किलोमीटरमध्ये 1,266 मीटर उंची चढावी लागते. पण सहाव्या किलोमीटरच्या आसपास वियापाराला रस्ता जवळजवळ सपाट होतो, अगदी शेवटीही चढ ओसरतो, आणि सरासरी तिथे खाली येते. वियापारानंतरच्या सहा किलोमीटरची सरासरी 13 टक्क्यांच्या वर आहे. माथ्याच्या अडीच-तीन किलोमीटर अलीकडे कुएन्या लेस काब्रेसला चढ 23.5 टक्क्यांपर्यंत जातो. तोवर पाय दमलेले असतात.

खरी गडबड गिअरची आहे. 70 किलोचा माणूस, 8 किलोची सायकल, 20 टक्के चढ, ताशी 6 किलोमीटर वेग: एवढ्यालाच सुमारे 260 वॅट लागतात. 34-28 वर त्या वेगाला पायांचे मिनिटाला जेमतेम 39 फेरे होतात. इतक्या संथ फेऱ्यांत बसून जोर पुरत नाही. उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ओल्या रस्त्यावर ते जागीच फिरतं. बसून हँडल ओढलं तर पुढचं चाक उचलतं. मागे 34 दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) लावा, फेरे 48 होतात. पुढेही 30 असेल तर 54. हौशी सायकलस्वाराने 34-34 पेक्षा जड गिअर लावूच नये.

हलकी सायकल? सतत 250 वॅट देणाऱ्याचा एक किलो वजन घटल्याने सुमारे 50 सेकंद वाचतात, तेही तासाभराहून लांब चढात.

“कुणीही आरामात” हे तर सोडूनच द्या. 2002 च्या वुएल्तात, म्हणजे स्पेनच्या मोठ्या सायकल शर्यतीत, पावसात संघांच्या गाड्याच या चढावर बंद पडल्या. सायकलपटू डेव्हिड मिलरने अंतिम रेषेच्या अगदी अलीकडे थांबून निषेध म्हणून शर्यत सोडली.

मध्येच उतरावं लागलं, तर सरळ वर तोंड करून पुन्हा निघू नका. सायकल रस्त्याला आडवी धरा, एक पाय पेडलमध्ये अडकवा, आडवं चालवत वेग घ्या आणि दुसरा पाय अडकल्यावरच वर वळा.