बदली बाईवर सिटकॉम काढताय? मग हे वाचाच

तर तुमच्या डोक्यात सिटकॉम आलाय. बेळगावच्या टिळकवाडीतलं घर, कायमची कामवाली बाई सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेली आणि तिच्या जागी थोड्या दिवसांसाठी बदली बाई आली, मग काय नुसती धमाल. झकास आहे की! फक्त बाईला काही विचारायला जाऊ नका, विचारलं की ती सांगत बसणार, "पहाटं उठून घरचं सगळं आवरतो, येळ्ळूरहून बस धरून येतो, चार घरं करतो वैनी", आणि मग कॉमेडी कुठं शोधायची.

तिचा चहाचा कप मात्र जवळून दाखवा. खिडकीच्या गजाला टेकून पालथा ठेवलेला, कान तुटलेला, आणि वैनी चहा ओततात तो वीतभर वरून, पातेलं कपाला लागायला नको म्हणून, आणि ओतता ओतता म्हणतात, "तू आमच्या घरचीच की गं." हशा 'घरचीच'वर टाका, चुकून कपावर पडला तर बघणारी निम्मी घरं चॅनल बदलतील.

पगाराचा विषय निघालाच तर वैनींना डायलॉग द्या: बायकांना २०२३ पासून बस फुकट, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, अजून वाढवून कशाला पाहिजे? कर्नाटकानं २००४ सालीच घरकामाला किमान वेतन लावलंय, महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झालाय, असली माहिती स्क्रिप्टमध्ये घुसू देऊ नका, आपले लोक सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यांचे कायदे तोंडपाठ म्हणून दाखवतात पण हे दोन नेमके कुणालाच ऐकू येत नाहीत.

आणि काका हवेतच. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, दंडाला काळी फीत बांधून निषेधाच्या फेरीला जाणारे, मराठी माणसावर अन्याय म्हणून घसा बसवून घरी येणारे. त्याच फेरीत चार रांगा मागं बाई पण चालत होती, काकांनी वळून बघितलं पण होतं. महिन्याच्या शेवटी हिशेब करताना काका चष्मा लावून म्हणतात, "एक तारखेचा खाडा धरा हं." (हा सीन खरंतर मला फार आवडलाय, म्हणजे चॅनल पहिल्यांदा हाच कापणार.)

कास्टिंगचं टेन्शन घेऊ नका. अमेरिकेत 'ब्यूला' नावाच्या मोलकरणीचा शो रेडिओवर आला तेव्हा त्या काळ्या बाईचा आवाज एक गोरा पुरुष काढायचा, पुढं १९५० मध्ये टीव्हीवर आला तर दोन-तीन वर्षांत तीन नट्या झाल्या, म्हणजे मोलकरणीच्या रोललाच बदली बाया! तिथं खपलं, तर इथं तुमच्या चुलत मेहुणीला नऊवारी नेसवून उभी केली तरी कोण विचारणार.

एवढं सगळं पाळलंत तर तेरा भागांच्या आत मालिका बंद पडायची गॅरंटी माझी. एका संध्याकाळी फोन येईल, उद्यापासून नको, राहिलेल्या पैशांचं नंतर बघू. मग तुम्ही फेसबुकवर लांबलचक पोस्ट टाका, ना नोटीस ना हिशेब, गरज सरो वैद्य मरो, हातावर पोट असणाऱ्यांनी जायचं कुठं वगैरे. पहिला लाईक वैनींचा येईल. बाईला टॅग करायचा प्रश्नच नाही, तिचा नंबर तुमच्याकडे 'बदली' म्हणूनच सेव्ह आहे.