चर्चिल खरंच दिवसभर झिंगलेले असत?

‘चर्चिल सकाळपासून टुन्न असत, महायुद्ध त्यांनी नशेतच लढवलं’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात अर्धंच तथ्य आहे. सकाळी ग्लास हाताशी असे, पण तळाला जेमतेम व्हिस्की आणि वर भरपूर पाणी किंवा सोडा. जेवताना शॅम्पेन, नंतर ब्रँडी; सोवळे नव्हतेच म्हणा! मात्र कामाचा उरक दांडगा. बंगालच्या १९४३च्या दुष्काळात पंतप्रधान म्हणून त्यांनी घेतलेल्या निर्णयांचं खापरही त्यामुळे दारूवर फोडता येत नाही.

डॉक्टरच्या चिठ्ठीचा किस्सा मात्र खरा. डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कला त्यांना मोटारीने उडवलं. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी, म्हणून जानेवारीत डॉक्टरने जेवणाबरोबर मद्य लिहून दिलं: किमान २५० घन सेंटिमीटर, कमाल मर्यादा नाही.