उकाड्याची माफी, पण बांग वाजवायला नकारच

नमस्कार सर. आंबा गावाजवळच्या आमच्या लपणाला, म्हणजे पक्षी लपून पाहायच्या तंबूला, तुम्ही दोन तारे दिलेत. चार तास उकाड्यात बसवलं, मागच्या खिडक्या उघडू दिल्या नाहीत, पांढरा शर्ट बदलायला लावला, मोबाइलवर बांग वाजवू दिली नाही आणि एवढं करून रानकोंबडा मिनिटभरच दिसला, असं तुम्ही लिहिलंय.

उकाड्याची चूक पूर्ण माझी. नऊनंतर तंबूवर थेट ऊन येतं हे माहीत असून मी सावली केली नव्हती. तुमचे निम्मे पैसे आजच परत पाठवले आहेत, आणि वर पेंढ्याचा मांडव घातलाय.

खिडक्यांचं मात्र तसं नाही. तंबू आतून मुद्दाम काळा असतो. फक्त समोरची फट उघडी असली की आत अंधार राहतो आणि पाखराला आतलं काही दिसत नाही. मागची खिडकी उघडली की आरपार उजेड येऊन तुमची सावली हलताना दिसते. त्या अंधारात पांढरा शर्टही लगेच उठून दिसतो. कोंबड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. शिवाय रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या, त्याच्या चार.

आता बांगेचं. अमेरिकेत टर्कीच्या शिकारीला असेच तंबू लावतात, मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावतात, मग इथे काय हरकत, असं तुम्ही विचारलंत. टर्की आणि रानकोंबडा एकाच कुळातले, आणि तंबूची युक्ती मीही तिकडचीच उचलली. पण तिथला शिकारी ठरलेल्या हंगामात नर टिपायलाच हाक देतो. आमचा कोंबडा उद्याही पाण्यावर यायला हवा. फेब्रुवारी ते मे हा त्याचा विणीचा मुख्य काळ. मोबाइलमधली बांग ऐकली की हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो चरणं सोडून भांडायला धावतो. रोज नवा पाहुणा आणि रोज तीच बांग, असं मी माझ्या रानात होऊ देणार नाही. या पक्ष्याच्या मानेची ठिपक्यांची पिसं परदेशात मासे धरायच्या गळांना बांधत, त्यासाठी एकेकाळी तो खूप मारला गेला. आता कुठे तो आमच्या पाणवठ्यावर निर्धास्त येतोय.

पुन्हा आलात तर उजाडायच्या आधी बसा. गडद शर्ट नसेल तर आमच्याकडे आहे, आणि समोरची चेन आम्ही आधीच उघडून ठेवू.