लेन २ बद्दलच्या ‘भंगार मशीन’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

रविवारच्या खेळाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक तारा दिलात, तो तुमचा अधिकार. पण त्यातले काही मुद्दे वाचून उद्या येणारा माणूसही तसंच समजून चालेल, म्हणून फोन न करता इथेच लिहितो. जरा लांबेल.

ज्यांनी मूळ रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी तक्रार थोडक्यात अशी: आमच्या बॉलिंग सेंटरमध्ये लेन २ वर पिना लावणारं मशीन तीनदा थांबलं, सात नंबरची पिन वाकडी लावली गेली, पडलेली दहा नंबरची पिन मिस्त्रींनी परत उभी करून तुमचा स्पेअर (दोन बॉलमध्ये दहाही पिना पाडणं) घालवला, मुलावर ओरडले, बाहेर रांग असताना लेन ५ आणि ६ बंद ठेवल्या, आणि एकूण मशीनं भंगारात काढून नवीन दोरीवाली (पिना दोरीला बांधलेली) बसवावीत.

आधी सात नंबर, कारण ही तक्रार आमच्याकडे सारखी येते. शेवटच्या रांगेतली डावीकडची पिन तुम्हाला जागेवरून सरकलेली दिसली, आणि ती खरोखरच सरकलेली होती. फक्त ती मशीननं सरकवलेली नव्हती. स्कोअरच्या नोंदीत तो दुसरा बॉल आहे. पहिल्या बॉलला आठ पिन पडल्या, त्यातली एक आडवी घरंगळत सातला घासून गेली आणि सात इंचभर मागे जाऊन तशीच उभी राहिली. आता मशीननं काय करायचं? वरून डेक, म्हणजे पिना धरणारी चौकट, खाली येतो, उभ्या पिना मानेशी पकडून वर उचलतो, रेक, म्हणजे पिना झाडणारी आडवी पट्टी, खालचा पसारा मागे ढकलतो, आणि डेक त्या पिना परत ठेवतो. ठेवायच्या कुठे, तर होत्या तिथेच. मूळ खुणेवर नाही. खेळाचा नियमच तसा आहे: बॉलनं सरकलेली पिन उभी असेल तर दुसरा बॉल ती आहे तिथेच खेळायची. आमच्या मशीननं ती इंचभर मागे होती तशी उचलली आणि इंचभर मागेच ठेवली. हे काम नीट होण्यासाठी डेकमधल्या, पिन पकडणाऱ्या कात्र्यांच्या स्प्रिंगा चांगल्या ताणाच्या लागतात, नाहीतर दीड किलोची पिन उचलताना हिसका बसून फिरते किंवा सुटते. तेव्हा तुम्ही जे बघितलंत ते मशीन बिघडल्याचं लक्षण नव्हतं, उलट होतं.

पहिल्याच बॉलला पिना वाकड्या दिसल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा बॉल टाकू नका, काउंटरवर हाक मारा. पिना नीट लागल्यात की नाही हे बघून घेणं नियमानं खेळणाऱ्याकडे असतं. एकदा बॉल टाकला की सगळ्या पिना जागेवर हजर असताना एखादी तिरकी होती म्हणून तो बॉल रद्द होत नाही.

आता दहा नंबर. पाचव्या फ्रेमला, म्हणजे पाचव्या पाळीला, ती एकटी उरली होती आणि उजवीकडे बरीच सरकली होती, कात्रीच्या टप्प्याबाहेर. डेक खाली आला तेव्हा पिनचं डोकं कात्रीच्या मोकळ्या जागेत न जाता डेकच्या सपाट भागाला लागलं. अशा वेळी मशीन जोर लावत नाही, तिथेच थांबतं. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. न थांबता डेक खाली दाबला गेला असता तर पिन आडवी, डेकची सळई वाकडी, आणि तुमचा गेम तिथेच संपला असता. मिस्त्री मागे गेले, मोटर बंद केली, डेक हातानं वर घेतला. घेताना पिन पडली, म्हणून त्यांनी ती होती तिथे उभी केली. तुम्ही लिहिता, ‘पडलेली पिन परत उभी करतात, ही कसली पद्धत?’ हीच पद्धत. बॉलनं पडली तर तुमचा गुण, मशीननं पडली तर पिन परत उभी. रविवारी शेजारच्या लेनवर नेमकं उलटं झालं असतं आणि समोरच्या टीमला असा फुकटचा स्पेअर मिळाला असता, तर तुम्हीच आधी काउंटरवर आला असतात.

तीन थांब्यांपैकी एक हा. दुसऱ्या वेळी पिन वर चढवणाऱ्या चाकात दोन पिना एकत्र अडकल्या. हे होतं. पावसाळ्यात जास्त होतं. लेनवरचं तेल बॉलला लागतं, बॉलवरून पिनांना आणि खालच्या सरकत्या पट्ट्याला लागतं, त्यात आपल्या कोल्हापूरची जुलैची दमट हवा, की पिना चाकात शिरताना कधी घसरतात, कधी चिकटतात. पिना पुसणं, पट्टा पुसणं, बॉल परत आणणाऱ्या बेल्टवरचं तेल काढणं हे आमचं रोज सकाळचं काम आहे, आणि ते केल्यानंतरही गर्दीच्या संध्याकाळी एखादी अडकते. त्या थांब्याला तुमची पाच मिनिटं गेली, त्याबद्दल तुमची नाराजी मला मान्य आहे.

तिसऱ्या थांब्याबद्दल मी लिहिणार नव्हतो, पण तुम्ही तीन असा आकडा दिलाय. आठव्या फ्रेमला रेक खाली असताना तुमच्या ग्रुपमधून बॉल सोडला गेला. कॅमेऱ्यात दिसतं. बारा पौंडांचा बॉल रेकवर आदळला की रेकच्या दांड्या, त्यांचे बुश (सांध्यातल्या बाह्या), क्लच, सगळ्यांना धक्का बसतो. मिस्त्रींनी रेक लेनला समांतर बसतोय का ते बघितलं, एक नट आवळला आणि मगच चालू केलं. दंड लावला नाही. लहान मुलं असली की होतं.

आता ओरडण्याबद्दल. तुमचे चिरंजीव अडकलेली पिन काढायला फाउल लाईन (बॉल टाकताना जी ओलांडायची नसते ती रेघ) ओलांडून लेनवर निघाले होते. मिस्त्री ओरडले, हे खरं आहे, आणि पुढच्या वेळीही ओरडतील. लाईनच्या पुढे तेल असतं. तिथे पाय घसरला तर डोकं गटरच्या कडेवर आपटतं, आणि बुटाला तेल लागून परत आलं तर मागचा खेळाडू घसरतो. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. थांबलेलं मशीन म्हणजे बंद मशीन नव्हे. डेक अर्ध्यावर थांबलेला असतो, आतल्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात, अडथळा निघाला की ते पुढचं चक्र पूर्ण करायला निघतं. आमचे मिस्त्री स्वतःसुद्धा मेन स्विच पाडल्याशिवाय आत हात घालत नाहीत. मग दहा वर्षांच्या पोराला साठ फूट चालत त्याच्या तोंडाशी कसं जाऊ देतील?

लेन ५ आणि ६. शनिवारी रात्री लेन ५ वर पिना लागताना डावीकडे झुकतायत असं एका नेहमीच्या खेळाडूनं सांगितलं. लेनवरच्या खुणेचा गोल सव्वादोन इंचांचा, पिनचा तळ दोन इंचांहून किंचित मोठा. म्हणजे चारी बाजूंनी जेमतेम सुपारीच्या कातरणाएवढी मोकळीक. ती तपासायची पद्धत सोपी आणि कंटाळवाणी आहे: दहाही पिना लावायच्या, मग आडवं पडून प्रत्येकीच्या तळाभोवती गोलाचा किती भाग दिसतो ते बघायचं. एकच पिन बाहेर असेल तर त्या एका जागेचा दोष, कात्री किंवा तिची स्प्रिंग. सगळ्या एकाच बाजूला असतील तर अख्खा डेक सरकलाय. डावीकडच्या पुढे आणि उजवीकडच्या मागे असतील तर डेक पिळलाय. लेन ५ वर सगळ्या डावीकडे होत्या, म्हणजे डेक सरकलेला, कारण त्याचा बुश झिजलेला. नुसता नट फिरवून पिना खुणेवर आणता आल्या असत्या आणि रविवारची गर्दी निघाली असती. पण झिजलेल्या बुशवर केलेलं ॲडजस्टमेंट टिकत नाही, संध्याकाळपर्यंत परत तेच. म्हणून बुश काढून उद्यमनगरात लेथवर नवा करायला दिला. आयात केलेल्या भागाची वाट बघत बसलो असतो तर लेन महिनाभर बंद राहिली असती.

आणि ६ का बंद? ५ आणि ६ ला बॉल परत पाठवणारं यंत्र एकच आहे, दोन लेनच्या मध्ये. मिस्त्री ५ च्या डेकखाली आडवे झालेले असताना शेजारून बॉल सुसाट जात राहणं मला चालत नाही. रांगेतल्या लोकांना काउंटरवर हे सांगितलं होतं. तुमच्यापर्यंत पोचलं नसेल.

राहता राहिली दोरीवाली मशीनं. त्यांना मी नावं ठेवत नाही. वीज कमी खातात, भाग कमी, मिस्त्री जवळपास लागतच नाही, नवीन माणसानं धंदा सुरू करायचा तर तीच परवडतात. पण पिनच्या डोक्याला दोरी असली की पिन वेगळी पडते. घरंगळत जाऊन दुसरीला पाडणारी पिन तिथे दोरीला अडते, स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) कमी होतात. अमेरिकेतल्या यूएसबीसी या संघटनेनं २०२३ मध्ये दोरीच्या बॉलिंगला मान्यता दिली तीही वेगळा प्रकार म्हणून, नेहमीच्या खेळात मिसळून नाही. आमची मशीनं ब्रन्सविक कंपनीची ए-२ आहेत. त्यांची मूळ घडण साठ वर्षांपूर्वीची, हे तुमचं बरोबर. पण आत बहुतेक सगळं गिअर, कॅम, स्प्रिंग आणि बेल्ट आहे. डोळ्यांना दिसतं, पान्यानं सुधारतं, आणि या गावात ते बनवू शकणारी माणसं आहेत. इलेक्ट्रॉनिक कार्ड जळलं म्हणून परदेशाहून कार्ड येईपर्यंत लेन बंद, असं होत नाही. मी ही मशीनं बदलणार नाही.

बुटांना वास येत होता, हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. बघतो.

पैशांबद्दल. आम्ही तासावर नाही, गेमवर पैसे घेतो, त्यामुळे थांबलेल्या वेळेचे पैसे तुमच्याकडून गेलेले नाहीत. तिन्ही गेम दहा फ्रेमपर्यंत पूर्ण झालेत, त्यांचे परत मिळणार नाहीत. लेन ५ आणि ६ बुधवारी चालू होतील. डेक आतून बघायचा असेल तर सकाळी अकराच्या आत या, तेव्हा मशीनं बंद असतात. चिरंजीवांनाही आणा, मिस्त्री त्यांना कात्री कशी पकडते ते दाखवतील.