‘आलेखकागदावर दिसते’ हे कारण होत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या गणितशिक्षकांत एक मत सध्या बरेच फिरते आहे: सातवी-आठवीच्या मुलांकडून निर्देशकांवरून बिंदू स्थापन करून घ्यावेत, आकृती जोडून घ्यावी आणि थांबावे, ‘कशावरून?’ हा प्रश्न दहावीत दोन बिंदूंमधील अंतराचे सूत्र आल्यावर विचारावा. त्यासाठी दिली जाणारी कारणे मला पटत नाहीत.

पहिले कारण असे की आकृती डोळ्यांना दिसतेच. (०, ०), (८, ३) आणि (१३, ५) हे बिंदू एक सेंटिमीटरच्या चौकटींवर मांडून पाहावेत. पट्टी लावली की ते एका रेषेत वाटतात, कारण मधला बिंदू टोके जोडणाऱ्या रेषेपासून जेमतेम पाऊण मिलिमीटर दूर आहे, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीत तो लपतो. पण ८ घरे उजवीकडे गेल्यावर ३ घरे वर आणि पुढे ५ घरे उजवीकडे गेल्यावर २ घरे वर, हा चढ सारखा नाही: पहिल्या वेगाने ४० घरांत १५ घरे चढतो, दुसऱ्या वेगाने १६. सहावीत गुणोत्तर शिकलेल्या मुलाला एवढे सांगता येते, आणि डोळ्यांनी दिलेली ग्वाही अपुरी का, हेही त्याला इथेच कळते.

दुसरे कारण असे की सूत्रावाचून सिद्ध करता येत नाही. (१, १), (४, २), (३, ५), (०, ४) हा चौरस आहे हे दाखवायला अंतराचे सूत्र लागतच नाही. प्रत्येक बाजू ३ आणि १ घरांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे. ते चारही त्रिकोण एकरूप आहेत, म्हणून बाजू समान. त्यांचे दोन लघुकोन मिळून ९० अंश होतात, म्हणून प्रत्येक शिरोबिंदूशी उरतो तो काटकोन. पायथागोरसचा सिद्धांत सातवीत आणि त्रिकोणांची एकरूपता आठवीत येते; ही साधने हाताशी असताना दोन वर्षे वाट पाहण्याचे कारण काय?

आमच्याकडची मुले घरी अहिराणी बोलतात, त्यांना प्रमाण मराठीत कारण मांडता येत नाही, हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खुपतो. रावेर-यावलकडे पाच-पाच फुटांवर केळी लावलेल्या शेतात कोणते खोड कितव्या ओळीत, हे सांगणारे मूल अक्ष आणि अंतर जाणतेच. त्याने आधी अहिराणीत बोलून पटवावे, मग शिक्षकाने त्याच्यासोबत ते वाक्य वहीसाठी घडवावे. अडचण भाषेची असेल, तर तिला विचारशक्तीची उणीव म्हणू नये.

आपली परंपरा पाठांतराची, हेही खरे नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याय’ या ग्रंथभागात म्हटले आहे की उपपत्तीवाचून, म्हणजे सिद्धतेवाचून, गणकाला विद्वत्सभेत प्रतिष्ठा मिळत नाही आणि तो स्वतःही निःशंक होत नाही.

‘कशावरून?’ विचारायला वेळ पुरत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यासाठी दहा आकृत्यांऐवजी दोनच द्याव्यात, आणि त्यांतली एक चौरस वाटणारी पण चौरस नसलेली असावी.